कोणता उद्या?

गेल्या वर्षीच्या जुलैतली गोष्ट. मंगळवार, रात्रीचे पावणेदहा. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज आला:

"अतिमहत्त्वाचे. मुंबई महापालिका आपत्ती विभागाकडून सूचना. उद्या दुपारी १२ ते ४ ढगफुटी होणार. २६ जुलैपेक्षा भयंकर पाऊस. त्याच वेळी समुद्राला मोठी भरती. कोणीही घराबाहेर पडू नये. आपल्या माणसांचा जीव वाचवा, सर्व ग्रुपवर पाठवा."

खाली एक फोटो होता. रेल्वे स्टेशन, रुळांवर पाणी, पाण्यातून बॅगा डोक्यावर घेऊन चालणारी माणसं.

आम्ही परळला राहतो. दर पावसाळ्यात पाणी तुंबणारं हिंदमाता आमच्यापासून चालत सात मिनिटांवर. पाण्याची भीती आमच्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही. तळमजल्यावरच्या घरांत अजूनही फ्रिज विटांवर ठेवलेले आहेत. त्यामुळे पाच मिनिटांत ग्रुपवर हात जोडलेल्या खुणा, 'सर्वांनी काळजी घ्या', 'मुलांना शाळेत पाठवू नका' सुरू झालं.

मी मेसेज वाचला. तो खोटा आहे हे मला कळलं. आणि मी काहीही लिहिलं नाही. पाठवणारा तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा चांगला आहे, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावतो. चारचौघांत त्याला कशाला खोटं पाडायचं, असं मनात आलं. शिवाय दिवसभराचं काम आटपून नुकती पाठ टेकली होती. मी फोन बाजूला ठेवला आणि झोपले.

आमच्या पहिल्या मजल्यावरच्या काकांचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार असतं. काकूंनी मेसेज वाचून बुधवारी जायचं रद्द केलं. बुधवारी दिवसभर रिपरिप होती, दुपारी तर दोन तास ऊन पडलं. गुरुवारी सेंटरला दुसऱ्या पेशंटांचे वार, जागा नव्हती. गुरुवारी रात्री दोनला काकांना धाप लागली. जिन्यावरून खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं, त्यात तो तिसऱ्या मजल्यावरचा मुलगाही होता. काका वाचले. हॉस्पिटलच्या बाकावर बसलेल्या काकू मला म्हणाल्या, "अगं, महापालिकेचा मेसेज होता ना! मी कशी पाठवणार त्यांना?"

मला मंगळवारी रात्रीच माहीत होतं, हे मी त्यांना तिथे सांगू शकले नाही. नंतर सांगितलं. आज इथे लिहिते आहे.

मी एका मराठी दैनिकात बावीस वर्षं मुद्रितशोधक होते. म्हणजे प्रूफं वाचायचे. आमचं काम लोकांना वाटतं ऱ्हस्व-दीर्घाचं. ते होतंच. पण खरं काम होतं थांबण्याचं. डोळा पुढे पळत असताना एखाद्या शब्दापाशी पेन्सिल थांबली पाहिजे, समासात प्रश्नचिन्ह पडलं पाहिजे. त्या शुक्रवारी घरी आल्यावर मी तो मेसेज कागदावर उतरवून काढला आणि प्रूफ वाचतात तसा वाचला.

पहिली पेन्सिल थांबली 'उद्या'वर. कोणता उद्या? मेसेजला तारीख नाही. वर्तमानपत्रात आम्ही 'उद्या' लिहिलं की कंसात वार आणि तारीख घालायचो, कारण डाक आवृत्ती गावात दुसऱ्या दिवशी पोचायची आणि तिथला उद्या वेगळा असायचा. ज्या सूचनेत तारीख नाही ती कधीच शिळी होत नाही. हाच मेसेज पुढच्या पावसाळ्यात, त्याच्याही पुढच्या पावसाळ्यात असाच्या असा चालेल.

दुसरी 'दुपारी १२ ते ४ ढगफुटी'वर. एका तासात शंभर मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस एका छोट्या भागावर पडला तर हवामान खातं त्याला ढगफुटी म्हणतं. ती कुठे आणि किती वाजता होईल हे आदल्या रात्री सांगण्याची सोय जगात कुणाकडे नाही. मुंबईसाठी जे तातडीचे इशारे निघतात ते पुढच्या दोन-तीन तासांपुरते असतात. हवामान खात्याचा अंदाज तुम्ही मन लावून वाचला आहे का? मला त्याची भाषा फार आवडते. 'तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता.' यात 'तुरळक ठिकाणी', 'काही ठिकाणी', 'अनेक ठिकाणी', 'बहुतांश ठिकाणी' हे शब्द चवीपुरते घातलेले नाहीत, प्रत्येकाला माप आहे. तुरळक म्हणजे त्या विभागातल्या फार तर पाव केंद्रांवर. बहुतांश म्हणजे पाऊणहून जास्त केंद्रांवर. 'मुसळधार' म्हणजे चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर, 'अतिमुसळधार' म्हणजे त्याच्यावर २०४.४ पर्यंत. माणसं या भाषेवर चिडतात, म्हणतात धड काही सांगत नाहीत. मला उलट वाटतं. जो आपल्याला किती माहीत आहे आणि कुठे आपली नजर संपते हे मोजून सांगतो, त्याच्याकडे मी कान देते. 'होणार' म्हणजे होणारच, असं सांगणाऱ्याजवळ बहुतेक वेळा मोजायला काहीच नसतं.

भरती मात्र खरी होती. त्या बुधवारी दुपारी साडेचार मीटरच्या वर भरती होती. पावसाळ्यातल्या अशा दिवसांची यादी महापालिका दरवर्षी आधीच जाहीर करते, वेळेसकट. चंद्र-सूर्याचं गणित आहे, ते वर्षभर आधी मांडता येतं. आणि भरतीची भीती काल्पनिक नाही. आपल्या शहराचं पावसाचं पाणी नाल्यांमधून समुद्रात जातं. समुद्रच वर आला की ते पाणी बाहेर पडायला उतार उरत नाही. म्हणून तर हाजी अली, लव्हग्रोव्ह, ब्रिटानियाला पंप बसवले, हिंदमाताचं पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या बांधल्या. त्या मेसेजमधली ही एक गोष्ट खरी होती आणि सगळा मेसेज तिच्याच खांद्यावर बसून आला. आमच्या समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी भरतीची वेळ तपासली, ती बरोबर निघाली, आणि त्यांनी 'चेक केलं, खरं आहे' असं लिहून मेसेज पुढे पाठवला. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी एक ओळ तपासली आणि शिक्का सगळ्या ओळींवर मारला.

मग फोटो. फोटो मोठा करून बघितला. प्लॅटफॉर्मच्या टोकाला पिवळी पाटी, अर्धी माणसांनी झाकलेली. दिसत होतं तेवढं: '...न्स्टन रोड'. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नाव जुलै २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. म्हणजे फोटो त्याच्या आधीचा. मग गुगल लेन्समध्ये टाकला तर तोच फोटो २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसाच्या बातम्यांमध्ये सापडला. तो दिवस परळ विसरलेलं नाही. त्या दिवशी याच भागात एक नामवंत डॉक्टर घरी चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले.

मुंबईच्या माणसाला फोटोचं वय ओळखायला खरं तर कुठल्या यंत्राची गरज नाही. पाण्यात काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी दिसली तर फोटो ऑक्टोबर २०२३ च्या आधीचा, कारण शेवटची पद्मिनी तेव्हा रस्त्यावरून गेली. बेस्टची जुनी डिझेल डबलडेकर दिसली तर त्याच वर्षीच्या सप्टेंबरच्या आधीचा. दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरं, अर्धवट बांधलेला मेट्रोचा खांब, हे सगळं आपण रोज बघतो. फक्त फोन हातात आला की ते बघणं बंद होतं.

शेवटची ओळ 'सर्व ग्रुपवर पाठवा'. महापालिकेला काही कळवायचं असेल तर महापालिका स्वतः कळवते. शाळांना सुट्टी द्यायची तर तिच्या अधिकृत खात्यावरून, तारखेसकट जाहीर करते. शंका आली तर १९१६ हा आपत्कालीन क्रमांक चोवीस तास चालू असतो. मी नंतर एकदा मुद्दाम लावून बघितला. माणसाने उचलला, परळमध्ये आत्ता पाणी आहे का ते सांगितलं.

मेसेज आला कुठून, हेही शोधायचा प्रयत्न केला. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला ऑफिसच्या ग्रुपवरून आला होता. तिथे एका मुलीला तिच्या मावसबहिणीकडून. मावसबहिणीला मालाडच्या एका महिला मंडळाच्या ग्रुपवरून. तिथे कुणी टाकला ते कुणालाच आठवेना. चार पायऱ्या उतरल्यावर खाली जमीनच नव्हती. आणखी एक गोष्ट कळली. बऱ्याचदा पुढे ढकललेल्या मेसेजवर व्हॉट्सॲप दोन बाणांची खूण लावतं, आणि एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. आमच्या ग्रुपवरच्या मेसेजला ती खूण नव्हती. मुलाने मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला होता. एकाच वेळी सगळीकडे जावा म्हणून त्याने काळजीपोटीच ते केलं. पण खूण गेली, आणि काकूंना तो मेसेज आपल्या बिल्डिंगच्या मुलाने स्वतः लिहिल्यासारखा दिसला.

२००५ सालच्या त्या जुलैबद्दल सांगायला हवं. २६ तारखेला मी ऑफिसात अडकले ती दोन रात्री तिथेच होते. सत्तावीसला संध्याकाळी माझ्यापुढे पहिल्या पानाची कॉपी आली. 'सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी.' माझी पेन्सिल थांबली. इतका पाऊस एका दिवसात पडतो हेच मला माहीत नव्हतं. वाटलं दशांशचिन्ह पडलंय, ९४.४ असणार. मी समासात प्रश्नचिन्ह केलं. उपसंपादक वैतागला, पण त्याने वार्ताहराला विचारलं, वार्ताहराने हवामान खात्याला पुन्हा फोन लावायला घेतला. लाइन लागत नव्हती. पान अडून होतं, छपाईवाले दोनदा वर येऊन गेले. अखेर फोन लागला. ९४४ बरोबर होतं. आणि त्याच फोनवर कळलं की कुलाब्याला त्याच चोवीस तासांत ७३.४ मिमी. एकच शहर, एकच दिवस. कुलाब्याच्या माणसाने 'कसला पूर, थोडा पाऊस होता' म्हटलं असतं तर तोही खोटं बोलत नव्हता. दोन्ही आकडे छापले. त्या दिवसापासून 'मुंबईत इतका पाऊस' असं वाक्य आलं की मी विचारते, कुठल्या मुंबईत?

अठ्ठावीसच्या रात्री ऑफिसचे फोन वाजायला लागले. समुद्र आत शिरलाय का? धरण फुटलंय का? त्सुनामीला तेव्हा सातच महिने झाले होते, तो शब्द सगळ्यांना नवा आणि ताजा होता. आम्ही प्रत्येकाला सांगत होतो, असं काही नाही. पण जुहूच्या नेहरूनगर वस्तीत ती अफवा आमच्या आधी पोचली होती. अंधारात, अरुंद गल्ल्यांमधून माणसं पळत सुटली आणि चेंगराचेंगरीत पंधराहून अधिक जीव गेले. त्या रात्री तिथे पाणी आलंच नव्हतं. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं. अफवेला फोन लागत नाही, माणसं लागतात.

आणि कधी तर नुसता कान पुरतो. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टनच्या पुलावर चेंगराचेंगरीत तेवीस माणसं गेली. त्यातून वाचलेल्या एका मुलीने रेल्वेच्या चौकशीत सांगितलं की फुलवाला 'फूल गिर गया' म्हणाला आणि लोकांना 'पुल गिर गया' ऐकू आलं. गर्दी, पाऊस, चिंचोळा जिना ही कारणं होतीच, ती आधी. पण ते वाचल्यावर मी किती तरी दिवस त्या एका अक्षराचा विचार करत होते. आयुष्यभर मी तेच अक्षर तपासत आले होते.

वर्तमानपत्रात होतं ते सगळं सोन्याचं होतं असं मी म्हणणार नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत माझ्या टेबलावर उमेदवारांच्या कौतुकाचे मजकूर यायचे, वर लिहिलेलं असायचं 'जसंच्या तसं, शब्द बदलू नये'. बातमीच्या जागेत, बातमीच्या टाइपात. शुद्धलेखन मी तपासायचे आणि पुढे द्यायचे. दुसऱ्या दिवशी तेच परिच्छेद दुसऱ्या पेपरात दिसायचे. ते पैसे घेऊन छापलेलं होतं. पुढे त्यावर देशभर ओरड झाली, प्रेस कौन्सिलने उपसमिती नेमून चौकशी केली, २०१० मध्ये अहवालही आला. तेव्हापासून छापलेलं म्हणून खरं, हे मी कधीच कुणाला सांगितलं नाही. शुद्ध लिहिलेलं म्हणूनही नाही. लोक मला म्हणतात, तुम्हाला बरं, तुम्ही शुद्धलेखनावरून खोटा मेसेज ओळखता. तसं नाही. 'महापालीका' लिहिणारा माणूस खरं सांगत असू शकतो, आणि हल्ली यंत्राकडून निर्दोष मराठीत खोटं लिहून घेता येतं.

मग कशावरून ओळखायचं? माझ्यापुरतं उत्तर मला त्याच ऑफिसात मिळालं होतं. आमचे एक जुने वृत्तसंपादक होते. बातमी चुकली की दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दुरुस्ती गेलीच पाहिजे असा त्यांचा हट्ट. 'कालच्या अंकात अमुक बातमीत तमुक नाव चुकून छापलं गेलं. ते असं वाचावं.' चार ओळी, चौकटीत. जाहिरात विभाग जागेसाठी भांडायचा, पण ती चौकट हलायची नाही. नवीन आलेल्या पोरांना ते शेवटच्या पानाच्या तळाची बारीक अक्षरातली ओळ वाचायला लावायचे: मुद्रक अमुक, प्रकाशक तमुक, संपादक कोण, छापलं कुठे. ती ओळ १८६७ च्या कायद्याने आली. ते म्हणायचे, या ओळीतल्या माणसाला उद्या कोर्टात बोलावता येतं, म्हणून आपण आज नीट लिहितो.

मी आता कुठलीही माहिती घेताना तेवढंच शोधते. याच्याखाली कुणाचं नाव आहे, आणि हा माणूस किंवा ही संस्था चुकली तर दुरुस्ती कुठे करते? बातम्यांची संकेतस्थळं खाली 'अद्ययावत' म्हणून वेळ देतात आणि काही प्रामाणिक ठिकाणी काय बदललं तेही लिहितात. विकिपीडियावर 'इतिहास' नावाची खिडकी आहे, कुणी कधी काय बदललं ते सगळं तिथे दिसतं, मराठी विकिपीडियावरही. माझ्या मते तो विकिपीडियातला सर्वात मोलाचा भाग आहे आणि तो फार थोडे लोक उघडतात. ज्या यूट्यूब चॅनेलने पाचशे व्हिडिओत एकदाही 'मागच्या वेळी मी चुकलो' म्हटलं नाही, ते चॅनेल कधीच चुकलं नाही असं होत नाही. ते फक्त सांगत नाही.

आणखी एक शिकले, ते उशिरा. मी आयुष्यभर उभं वाचत आले, वरून खाली, ओळ न ओळ. स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्र्यू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यवसायाने बातम्या पडताळणारे लोक यांना संगणकापुढे बसवून अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली होती. प्राध्यापक आणि विद्यार्थी पान मन लावून वाचत राहिले, सुबक मांडणी आणि भारदस्त नावाला बऱ्याचदा फसले. पडताळणारे काही क्षणांतच ते पान सोडून शेजारी दुसऱ्या खिडक्या उघडत, या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते बघत, आणि मग परत येत. ते आडवं वाचत होते. ज्याच्यावर शंका आहे त्यालाच किती वेळ न्याहाळायचं? शेजारपाजारी चौकशी करावी. लग्नासाठी स्थळ बघताना आपण हेच करतो.

आता माझी दुसरी चूक. ही जास्त जुनी आहे आणि जास्त बोचते.

एप्रिल २०२१. भांडुपच्या आतेभावाचा ऑक्सिजन ८६ वर आला होता. मला एका मैत्रिणीकडून यादी आली, ऑक्सिजन सिलिंडर आणि बेडचे चोवीस नंबर, वर ठळक अक्षरात 'व्हेरिफाइड'. मी ती वहिनीला पाठवली. आमच्या दोन ग्रुपवरही पाठवली, कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून. वहिनीने रात्री साडेनऊ ते साडेबारा चोवीसही नंबर लावले. अकरा बंद होते. काही लागायचे आणि वाजत राहायचे. एक माणूस रडायला लागला, म्हणाला बाई, माझा नंबर कुणी टाकलाय मला माहीत नाही, मी सिलिंडर विकत नाही, माझी आईच ॲडमिट आहे. तीन तास गेले. नंतर कुणीतरी सांगितलं म्हणून वहिनीने वॉर्डच्या वॉर रूमला फोन लावला. तेव्हा महापालिकेने चोवीसही वॉर्डांत त्या चालवल्या होत्या आणि बेड तिथूनच मिळत होते. पहाटे चारला बेड मिळाला. भाऊ आज धडधाकट आहे.

'व्हेरिफाइड' कुणी केलं होतं? कधी? त्या दिवसांत काही तरुण पोरं फार नीट काम करत होती. ती प्रत्येक नंबरापुढे वेळ लिहायची: 'दुपारी ४.१० ला बोललो, दोन सिलिंडर आहेत', आणि संपले की त्यावर काट मारायची. माझ्या यादीवर वेळ नव्हती. आणि मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही की वहिनीकडून सगळं कळल्यावरही मी त्या दोन ग्रुपांवर जाऊन 'ही यादी चुकीची आहे, वापरू नका' असं लिहिलं नाही. भाऊ वाचला या आनंदात राहून गेलं म्हणा. बावीस वर्षं ज्या बाईने चौकटीतल्या चार ओळींची प्रूफं वाचली, तिला स्वतःच्या चार ओळी लिहाव्याशा वाटल्या नाहीत. ती यादी आणखी कुणाकुणाच्या हातात गेली असेल आणि त्यांचे किती तास गेले असतील, हे मला आता कधीच कळणार नाही.

लोक म्हणतात, जाऊ दे, साधा फॉरवर्ड तर आहे. १ जुलै २०१८ ला आपल्याच धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच माणसं मारली गेली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षेवर जगणारी, गावोगाव फिरणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी आली आहे असे मेसेज त्या भागात फिरत होते. देशभर तेव्हा जे व्हिडिओ फिरत होते त्यातला एक तर कराचीत बनवलेला होता, मुलांची काळजी घ्या हे सांगण्यासाठी. शेवटी मूल परत सोडून पाटी दाखवतात, तो भागच कुणीतरी कापून टाकला होता. त्या पाच माणसांना त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

काका घरी आल्यावर मी ग्रुपवर लिहिलं. मुलाचं नाव घेतलं नाही. 'मंगळवारी रात्री आलेला पावसाचा मेसेज खोटा होता. भरतीची वेळ खरी होती, बाकी नाही. फोटो २०१७ चा आहे. मला तेव्हाच शंका आली होती आणि मी बोलले नाही, ती माझी चूक.' खाली नाव लिहिलं. अर्धा तास कुणी काही बोललं नाही. मग तो मुलगा दारात आला. "मावशी, मला तेव्हाच फोन करायचात ना," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, हो रे, करायला हवा होता.

आमच्या बिल्डिंगच्या प्रवेशाला एक फळा आहे. गणपतीची वर्गणी, पाण्याची वेळ, टाकी धुण्याची तारीख, हे त्यावर लिहितात. यंदा जूनपासून मी रोज सकाळी साडेआठला त्याचा उजवा कोपरा घेते. वार, तारीख. भरती किती वाजता, किती मीटर. हवामान खात्याचा रंग: हिरवा, पिवळा, नारिंगी की लाल. ही माहिती मी कुठून घेतली आणि किती वाजता बघितली. १९१६. आणि माझं नाव. तो मुलगा फोटो काढून ग्रुपवर टाकतो.

ऑगस्टमध्ये मी एकदा भरतीची वेळ आदल्या दिवसाची उतरवली. भरती रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते, तेवढी चूक झाली. चौथीतल्या एका मुलीने शाळेतून येताना पकडलं, तिच्या वडिलांकडे वेळापत्रक होतं. मी डस्टर उचलला आणि परत ठेवला. चुकीच्या वेळेवर एक आडवी रेघ मारली, खाली लिहिलं: 'दुरुस्ती, दुपारी १.१५. भरती १.२४ ला नसून २.०८ ला आहे.' शेजारी त्या मुलीचं नाव तिने स्वतः लिहिलं, खडूने, मोठ्या अक्षरात.

बुधवारी काकू काकांना घेऊन खाली उतरतात. टॅक्सी येईपर्यंत दोघं फळ्यापाशी उभे राहतात. काकांना आता चष्म्यानेही बारीक दिसत नाही, म्हणून काकू त्यांना वाचून दाखवतात. आधी तारीख वाचतात.